कच्चा डोंगर

मुलुंडच्या परबबाई शाळेतून निवृत्त झाल्या, तेव्हा पुढे त्यांनी काय करावं हे त्या सोडून बाकी सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. शेजारच्या चेतनाबेनचं म्हणणं, घरी शिकवण्या घ्या. बंगळुरूला असलेली मुलगी श्रुतिका योगासनांचे व्हिडिओ पाठवून पाठवून थकली. यजमान सहदेव भांडुपच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून आधीच निवृत्त झालेले. त्यांची अपेक्षा माफक होती, दुपारचा चहा जरा लवकर मिळावा. आणि रत्नप्रभाबाईंनी काय करावं? एका सकाळी आमटीला फोडणी देता देता जाहीर केलं, की मी कॅमेरा घेणार.

"कॅमेरो?" पेपरामागून आवाज आला. सहदेव जन्मले मुंबईत, वाढले मुंबईत, पण वाद घालायची वेळ आली की गडी थेट मालवणात उतरायचा. "मग फोनात आसा तो काय भोपळो?"

बाईंनी गॅस बारीक केला, फोन उचलला, ओट्यासमोरच्या खिडकीतून एक फोटो काढला आणि पेपर बाजूला सारून त्यांच्या नाकासमोर धरला. "बघा. डोंगर दिसतो का?"

सहदेवांनी चष्मा वर केला, खाली केला. खिडकीची ग्रिल दिसत होती, समोरच्या प्लॉटवरची क्रेन दिसत होती आणि मागे लांब कुठेतरी चिंचेचा गोळा ठेवल्यासारखं काहीतरी होतं.

"आता मान वर करून खिडकीतून बघा."

खिडकीत डोंगर होता. नॅशनल पार्कचा, आभाळाला पाठ टेकून बसलेला, अर्धी खिडकी भरून टाकणारा. फोनमध्ये मात्र त्याचा चिंचगोळा होत होता.

आता या डोंगराचं एवढं काय, असं तुम्ही विचाराल. अहो, बाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून त्या ओट्याशी उभ्या आहेत आणि तो समोर बसलाय. सासूबाईंशी खटका उडाला की त्याच्याकडे बघून पोळ्या लाटायच्या. श्रुतिकाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी त्याच्याकडे बघून कढीपत्ता तोडला होता. आई गेल्याचा फोन आला तोही तिथेच, ओट्याशी, आणि तेव्हासुद्धा तो होता. बाईंचा त्या डोंगरावर जीव होता, यात आडपडदा कसला.

आणि तो आता जाणार होता. म्हणजे डोंगर कुठे जातोय, पण खिडकीतून जाणार होता. समोरची बैठी तीनमजली बिल्डिंग पाडून तिथे टॉवर चढत होता. दोन स्लॅब पडल्या होत्या. दिवाळीनंतर आणखी दोन पडल्या की चौथ्या मजल्यावरच्या परबांच्या खिडकीत डोंगर नाही, कुणाचं तरी बेडरूम.

"मला तो भिंतीवर हवाय," बाई म्हणाल्या. "मला इथून दिसतो तेवढाच मोठा, तसाच. मग समोर कुणाचं बेडरूम येऊ दे नाहीतर बाथरूम येऊ दे."

"गच्चीवरून काढ."

"गच्चीवरून दिसतो तो गच्चीचा डोंगर. मला माझा हवाय."

"दुरून डोंगर साजरे," सहदेव पुटपुटले, पण पेपराची घडी घातली. घडी घातली म्हणजे माणूस हरला, हे बाईंना अनुभवानं ठाऊक होतं.

परेश वैती हा बाईंचा जुना विद्यार्थी. पाचवी ब, मागचा बाक. आता चाळिशीला टेकला होता आणि अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात त्याचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं. मढच्या बंगल्यांवर शूटिंग करणारे लोक त्याच्याकडून कॅमेरे भाड्यानं न्यायचे, जुने विकायचे, नवे घ्यायचे. गळ्यात चांदीची जाड साखळी, हातात दोन फोन. पण दारात सहदेवांसोबत बाई दिसल्या आणि गडी टेबलावरून टुणकन खाली उतरला. "बाई! तुम्ही? बसा ना बाई. सर, तुम्हीपण. ए, दोन चहा सांग, कडक."

बाईंनी डोंगराची गोष्ट सांगितली. परेशनं ती मधे न बोलता ऐकली, जे त्याला पाचवीत कधी जमलं नव्हतं.

"बाई, लोक येतात आणि पहिलं विचारतात, कॅमेऱ्याची बॉडी कुठली घेऊ? कितीचा मेगापिक्सेल?" तो म्हणाला. "पायांचं कुणी विचारतच नाही. तुम्हाला आधी ट्रायपॉड घ्यायचाय, दणकट. डोंगर हलत नाही, आपण हलतो."

सहदेवांनी तेवढ्यात तीन ट्रायपॉडांचे नट पिरगाळून पाहिले होते. एक त्यांनी बाजूला ठेवला. "ह्येचो आटो बरो आसा," ते म्हणाले. परेशनं मान डोलावली, कारण तोच त्याच्या मनात होता.

"आणि लेन्स?" बाईंनी विचारलं. त्या घरून अभ्यास करून आल्या होत्या. "निसर्गचित्राला वाइड लेन्स लागते, असं सगळे व्हिडिओत सांगतात."

"लागते ना. अख्खं मुलुंड दाखवायचं असेल तर लागते. त्यात तुमच्या डोंगराचा परत चिंचगोळा होईल. तुम्हाला लांबची लेन्स पाहिजे. डोळ्याला जेवढा मोठा वाटतो तेवढा मोठा तीच आणेल." त्यानं कपाटातून एक वापरलेली, पण स्वच्छ लेन्स काढली, एका साध्या बॉडीवर चढवली आणि बाईंच्या हातात दिली. बाईंनी डोळा लावला. रस्त्यापलीकडच्या पिंपळाची पानं हाताला लागतील इतकी जवळ आली. "अगं बाई!" त्यांच्या तोंडून निघालं, आणि वय विसरून त्या हसल्या.

सॉफ्टवेअरचा विषय निघाला तेव्हा चहा आला होता. फोटो काढला की काम संपत नाही, तो उजळायचा, सावरायचा, त्यासाठी कॉम्प्युटरवर काहीतरी हवं. परेशनं तीन प्रकार सांगितले. एकाचे दर महिन्याला पैसे भरायचे, थांबलात की बंद. दुसरं एकदाच विकत घ्यायचं. तिसरं फुकट, पण शिकायला जरा किचकट.

"म्हणजे एक भाड्याची खोली," सहदेव बशीत चहा ओतत म्हणाले, "एक ओनरशिप, आणि तिसरी सासुरवाडी. फुकट ऱ्हवा, पण सगळा सांभाळून घ्या."

परेश खो खो हसला. बाईंनी नवऱ्याकडे एक पाचवी ब वाला कटाक्ष टाकला आणि म्हणाल्या, "सासुरवाडी चालेल. मला किचकटाची सवय आहे."

निघताना परेश कॅमेऱ्याची बटणं लावून देत होता. "बाई, मी रॉ आणि जेपेग दोन्ही चालू करून देतोय. प्रत्येक फोटो दोनदा साठणार."

"रॉ म्हणजे?"

झालं. बाईंनी प्रश्न विचारला आणि परेश एकदम फळ्यापाशी उभा राहिला. एरवी गिऱ्हाइकाला तासभर समजावणारा माणूस, पण बाईंपुढे त्याची बोबडी वळली. "रॉ म्हणजे… कच्चं, बाई. आणि जेपेग म्हणजे पक्कं. तयार."

"कळलं," बाई म्हणाल्या.

आणि इथेच वाट लागली. कारण सारी नोकरी बाईंनी पोरांना एकच गोष्ट बजावली होती. कच्चं पाटीवर, पक्कं वहीत, आणि पक्कं झालं की कच्चं पुसून टाका. परेशच्या पिढीनं ते ऐकलं, त्याच्या आधीच्या पिढीनं ऐकलं, नंतरच्याही. तोच हा परेश, आणि त्यानं नेमका हाच शब्द नेमक्या त्याच बाईंसमोर काढला!

घरी ट्रायपॉड स्वयंपाकघरात उभा राहिला. एक पाय मिक्सरशेजारी, एक पिठाच्या डब्याला टेकून, तिसरा थेट येण्याजाण्याच्या वाटेत. सहदेव दोनदा त्याला अडखळले आणि दोन्ही वेळा त्याचीच माफी मागितली. बाई पहाटे उठून लेन्स ग्रिलच्या दोन गजांमध्ये घालायच्या आणि डोंगराची वाट बघायच्या. सकाळचं ऊन आपल्या पाठीमागून येतं आणि डोंगराच्या अंगावर पडतं, त्याच्या घड्या उघडतात, हे त्यांना इतकी वर्षं दिसत होतं, पण आता पहिल्यांदा कळत होतं. त्या खूश होत्या, अगदी मनापासून. फोडणी करपली तरी खूश.

"पुस्तक वाच आधी," सहदेव सांगायचे. कॅमेऱ्यासोबत आलेली जाडजूड पुस्तिका त्यांच्या हातात असायची. कारखान्यात मशीन आलं की पहिलं पुस्तक, मग हात, ही त्यांची रीत.

"मला पुस्तक वाचायला सांगताय? मी बाई आहे, बाई."

आणि रोज दुपारी, जेवणं उरकली की, बाई कार्डावरचा पसारा आवरायच्या. कॅमेरा सभ्यपणे विचारायचा, रॉ पुसू, जेपेग पुसू, की दोन्ही? बाई रॉ म्हणायच्या. कच्चं गेलं, पक्कं राहिलं, मन कसं स्वच्छ झालं.

एका सकाळी केर काढायचा म्हणून त्यांनी ट्रायपॉड उचलून जेवणाच्या टेबलापाशी ठेवला. मग चहा घेतला आणि कप हातात धरून, नेहमीसारख्या, खिडकीशी उभ्या राहिल्या. मागे खटकन आवाज झाला. वळून बघतात तर सहदेव खुर्चीत बसल्या बसल्या कॅमेऱ्याला डोळा लावून.

"अहो! काय करताय?"

"बटन चालता काय बघत होतंय."

बाईंनी फोटो पाहिला. मागे फिकट डोंगर, आणि पुढे त्यांच्या जागी नुसतं काळं भूत. "शी! डोंगराच्या मधे मी कशाला? तेही या गाऊनमध्ये. पुसा तो."

"ऱ्हवांदे गो."

"पुसते मीच." बाईंनी बटण दाबलं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि त्या वळल्या. गेला की नाही हे बघायला कुणाला वेळ होता!

मग ऑक्टोबरात ती सकाळ आली. पाऊस परतला होता, आभाळ धुतल्यासारखं, आणि डोंगराच्या माथ्यावर एकच ढग, म्हाताऱ्यानं मफलर गुंडाळावा तसा बसलेला. खाली ऊन. बाईंनी श्वास रोखून बटण दाबलं. "झकास!" त्या ओरडल्या आणि सहदेव दाढीचा फेस घेऊनच धावत आले. हाच. भिंतीवरचा हाच. दुपारी जेवणं झाली, बाईंनी कच्चं पुसलं.

कॉम्प्युटरवरच्या त्या फुकट सासुरवाडीत मात्र तो फोटो काही केल्या सुधरेना. ढग पांढराफटक आला होता, चुना सांडल्यासारखा. पडद्यावरची उजेडाची रेघ एका बाजूला ओढली की ढग राखेचा व्हायचा, दुसरीकडे ओढली की डोंगर हिरवागार पेटायचा.

"डोंगर आसा काय पोपट?" सहदेवांनी मागून डोकावून विचारलं.

"जमेल," बाई म्हणाल्या. "परेश करून देईल. घाई काय आहे."

घाई होती. दिवाळीची पणती विझते न विझते तोच समोर फळ्या ठोकायला लागले. एक स्लॅब पडली, मग दुसरी. एका सकाळी बाईंनी खिडकी उघडली तर समोर हिरवी जाळी. जाळीच्या वर डोंगराचा माथा तेवढा उरला होता, टोपी विसरून कुणी निघून जावं तसा. बाईंनी खिडकी लावली. त्या दिवशी पोळ्या जाड झाल्या आणि सहदेवांनी त्या निमूट खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं अंधेरीला. परेशनं कार्ड कॉम्प्युटरला लावलं, ढगाचा फोटो उघडला आणि म्हणाला, "वा बाई! नजर आहे तुम्हाला. ढग उजेडानं जरा फुटलाय, पांढरा पडलाय, पण रॉमधून येईल सगळा परत. रॉ कुठाय?"

"कच्चं? ते मी पुसलं."

"पुसलं म्हणजे?"

"पक्कं झाल्यावर कच्चं पुसायचं असतं. रोज पुसायचे."

परेशचा हात माउसवर तसाच राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "माझी चूक, बाई. कुणापुढे कुठला शब्द वापरायचा याची अक्कल नाही मला. बाई, रॉ म्हणजे कच्चं काम नव्हे. कॅमेऱ्यानं जे जे पाहिलं ते सगळं त्यात असतं. जेपेग म्हणजे त्यातून त्यानं आपल्या मनानं वाढलेलं ताट. बाकीचं फेकून देतो तो. ढगाचं सगळं त्या कच्च्यात होतं."

बाई चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या, तो स्वच्छ होता तरी.

परेशनं पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर चालवलं. पण बाई रोज त्याच कार्डावर नवे फोटो काढत गेल्या होत्या, जुन्यांच्या जागी नवे बसले होते. हाताला तुकडे लागले, अर्ध्या ढगाचे, पाव डोंगराचे.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "हल्ली सगळं होतं. एआयला सांगितलं की ढग काढून देईल, एक नंबर. डोंगरपण मोठा करू. कुणाला कळणारसुद्धा नाही."

बाईंनी चष्मा चढवला. "परेश," त्या म्हणाल्या. "कॉपी?"

"नाही बाई," परेश पटकन म्हणाला, आणि एवढा मोठा साखळीवाला माणूस खाली बघायला लागला.

"जो ढग मी पाहिला नाही तो भिंतीवर लावून रोज खोटं बघू?" बाईंचा आवाज चिरकला. "जाऊ दे. माझंच चुकलं. एकदाही नीट विचारलं नाही. कार्ड दे ते."

परेश कार्ड काढणार, तोच थांबला. "एक मिनिट. बाई, एक रॉ आहे की यात. याच्यावर किल्ली आहे."

"कसली किल्ली?"

"लॉक. फोटो पुसला जाऊ नये म्हणून लावतात. किल्ली असली की कितीही पुसा, जात नाही. चुकून दाबलं गेलं असेल."

सहदेव वर पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

"अहो?"

"चुकान कशाक?" सहदेव पंख्यालाच म्हणाले. "पुस्तकात होता. किल्लीचा चित्र बघलंय. तू पुसतलंस म्हणान लावलंय."

परेशनं फोटो उघडला. तोच तो, फिकट डोंगर आणि मधे काळं भूत. बाईंनी तोंड फिरवलं. पण परेशनं भाड्याच्या खोलीवालं सॉफ्टवेअर लावलं होतं आणि हळूहळू एक रेघ सरकवत होता. काळ्यातून आधी अंबाडा आला, विस्कटलेला. मग चष्म्याची कड. मग कपावरची वाफ, मग गाऊनची धुवून धुवून विरलेली फुलं. दुसरी रेघ सरकली आणि मागचा डोंगर भरत गेला. त्याच्या घड्या, डावीकडचा उघडा कातळ, गवताचा पिवळा पट्टा, सगळं जिथल्या तिथे, आणि बाईंच्या खांद्यामागे तो खिडकीत असायचा तेवढाच मोठा.

"आयला," परेश हळूच म्हणाला, मग जीभ चावली. "सॉरी, बाई."

बाईंना ते ऐकूच आलं नाही. त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या होत्या. "आला," त्या म्हणाल्या. "हाच माझा डोंगर." मग जरा थांबून, जुन्या सवयीनं चूक काढल्यासारख्या म्हणाल्या, "मी मधे आले नसते तर बरं झालं असतं."

"मधी?" सहदेवांनी पंखा सोडला आणि पहिल्यांदा फोटोकडे नीट बघितलं. टेबलापाशी, त्या एका खुर्चीत बसून ते रोज सकाळी पेपर वाचत आले होते. "माका तर इतकी वर्सां डोंगर असोच दिसता गो. मधी तू."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि या वेळी चष्मा पुसायचं नाटकही केलं नाही. परेश उगाचच केबल गुंडाळत बसला.

"गाऊनचा रंग तेवढा बदलता येईल का रे?" बाईंनी नाक ओढत विचारलं.

परेशनं मान वर केली. चेहरा अगदी पाचवी ब. "कॉपी, बाई?"

बाई हसल्या, रडता रडता हसल्या. सहदेव तर खुर्चीतून पडायचे राहिले.

"बरं, राहू दे. हाच पक्का कर, मोठा, खिडकीएवढा," बाई म्हणाल्या, आणि पर्स उचलून दारापर्यंत गेल्यावर परत वळल्या. "आणि परेश, कच्चं पुसू नकोस."